ताज्या माशात म्हणे किडे नसतात!

"ताज्या माशात किडे नसतातच. मासा मेल्यावर त्याच्या मांसातून ते आपोआप तयार होतात. म्हणून ताजी सुरमई लिंबू-मीठ लावून कच्ची खाल्ली तरी बिनधास्त." हा पहिला मुद्दा असलेला, एकूण चार मुद्द्यांचा मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपांवर फिरतोय. खाली 'संशोधकांनी सिद्ध केलंय' असा शिक्का. कोणत्या संशोधकांनी, कधी, काही नाही. फिरेना का, म्हणून सोडून दिलं असतं. पण अलिबागच्या मावशीचा फोन आला, "नातवाला घरी सुशी करायचीय, लिंबू पिळलं की झालं ना रे?"

तर आधी ते 'आपोआप'. याचा निकाल साडेतीनशे वर्षांपूर्वी लागलाय, आणि त्या प्रयोगात मासेही होते. 1668 साली इटलीत फ्रान्चेस्को रेडी या वैद्याने बरण्यांमध्ये मेलेला साप, नदीतले मासे, आर्नो नदीतल्या वामी आणि वासराचं मांस ठेवलं. तशाच आणखी बरण्या भरून त्यांची तोंडं बंद केली. उघड्या बरण्यांत अळ्या झाल्या, बंद बरण्यांत नाहीत. हवा कोंडल्यामुळे असं झालं असेल, ही शंका येणारच. म्हणून पुढे त्याने तोंडाला झिरझिरीत कापड बांधलं. हवा आत गेली, घरमाश्या बाहेर राहिल्या, मांसात अळी नाही. सडक्या माशात वळवळते ती अळी घरमाशीसारख्या उडत्या माशीच्या अंड्यातून येते. ती वेगळी, आणि जिवंत माशाच्या पोटात राहणारा जंत वेगळा. मेसेजवाल्याने दोघांची खिचडी केलीय.

हे दुसरे जंतही रेडीने पाहिले. 1684 च्या ग्रंथात त्याने जिवंत प्राण्यांच्या शरीरात राहणाऱ्या शंभरावर परजीवींची वर्णनं दिली. हे जंत कुठून येतात, यावर मात्र विद्वान पुढे शंभर वर्षं अडकले होते. मार्कुस ब्लॉख हा बर्लिनचा वैद्य, माशांचा मोठा जाणकार; त्यानेसुद्धा 1782 मध्ये लिहिलं की जंत प्राण्यात जन्मजातच असतात. मग कोपनहेगनच्या आबिलगार्ड या पशुवैद्याने साधी गोष्ट केली. स्टिकलबॅक नावाच्या चिमुकल्या काटेरी माशाच्या पोटात एक पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा चपटा जंत, असतो. आबिलगार्डने असे मासे बदकांना खाऊ घातले, आणि माशात अपुरा राहिलेला तोच कृमी बदकांच्या आतड्यात पूर्ण वाढलेला सापडला. हे 1790 मध्ये छापून आलं. म्हणजे मासा पोहत असतानाच किडा आत असतो आणि कच्च्या घासाबरोबर पुढच्याच्या पोटात जातो. माशाच्या ताजेपणाचा इथे काय संबंध?

दुसरा मुद्दा, माशांत किडे प्लास्टिक आणि रसायनांमुळे 'हल्लीच' आले. 1684 साली कुठलं प्लास्टिक?

तिसरा त्याहून थोर: बेडूक-सरड्यांच्या रक्तातले जंतू म्हणे परदेशी प्रयोगशाळांतून सुटले. व्हॅलेंटिन या शास्त्रज्ञाने 1841 मध्ये ट्राउट माशाच्या रक्तात आणि ग्रुबी या दुसऱ्याने 1843 मध्ये बेडकाच्या रक्तात ट्रिपॅनोसोम नावाचे एकपेशी परजीवी पाहिले. डॅनिलेव्स्की या तिसऱ्याने 1880 च्या दशकात युक्रेनमधल्या खारकीव्हला सरड्यांच्या नि कासवांच्या रक्तातले परजीवी वर्णिले. यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, जंतू आधीपासून तिथेच होते.

चौथा मुद्दा, माशातला कुठलाही जंत मेंदूत चढतो. कुठलाही नाही. आबिलगार्डच्या कृमीला वाढायला पक्ष्याचं आतडं लागतं. पण नाइलाजाने एवढं मान्य करतो की गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशांतून येणारा नॅथोस्टोमा हा गोलकृमी क्वचित मेंदूपर्यंत पोचतो. माशातून माणसाच्या आतड्यात येणारे पट्टकृमीही आहेत. 1880 च्या दशकात माक्स ब्राउन या संशोधकाने माशांतल्या अळ्या चक्क विद्यार्थ्यांना खायला देऊन ते दाखवून दिलं. (आज असा प्रयोग केला तर नोकरी जाईल.) मात्र गंमत बघा, जो माणूस हा धाक घालतो, तोच वर कच्ची सुरमई खा म्हणून सांगतो!

आता लिंबू. समुद्री माशांतला ॲनिसाकिस हा गोलकृमी माणसाच्या जठरात, तिथल्या आम्लात जिवंत राहून भिंतीत घुसतो. तो चमचाभर लिंबाच्या रसाला भीक घालेल? लिंबाने मांस पांढरं पडतं, म्हणून शिजल्यासारखं वाटतं, इतकंच. मिठाचंही तेच. हॉलंडमध्ये हलकं मीठ लावलेल्या हेरिंग माशामधून हा किडा लोकांच्या पोटात जातो, हे 1960 मध्ये उघड झालं, आणि 1968 पासून तिथे हेरिंग आधी गोठवणं सक्तीचं झालं.

मावशीला सांगितलं ते असं: तुकडी आतपर्यंत शिजू दे. मधोमध 60 अंशांवर मिनिटभर राहिली की हा किडा मरतो, आपल्या कालवणात तर ती सहज त्याच्या वर जाते. कच्चंच खायचं असेल तर अमेरिकी निकषानुसार मासा उणे 20 अंशांवर किंवा त्याखाली सात दिवस गोठवावा लागतो. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड असेलच असं नाही, त्यामुळे नातवाने सुशीत काकडी घालावी आणि सुरमई तव्यावर जाऊ द्यावी.