‘देणगीतली सहल’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

वायएमसीए (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) या तरुणांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या जागतिक परिषदेवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. २०२२ च्या जुलैमध्ये डेन्मार्कमधील आरहूस येथे भरलेल्या या परिषदेला मी आमच्या शाखेचा प्रतिनिधी म्हणून गेलो होतो. त्यावर आपण म्हणता, “गरिबांच्या नावाने गोळा केलेल्या देणगीतून युरोपची सहल करायची आणि वर आम्हाला सेवेचे धडे द्यायचे.” याखेरीज हे सारे ऑनलाइन का झाले नाही, परिषदेतून निष्पन्न काय झाले आणि बास्केटबॉलचे साल चुकले आहे, हेही आपण लिहिले आहे.

सालाची चूक मला मान्य आहे. जेम्स नेस्मिथ यांनी अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत बास्केटबॉल सुरू केला तो १८९१ मध्ये. १८९५ हे व्हॉलीबॉलचे साल. लेखात दुरुस्ती केली आहे. आपला आभारी आहे.

आता ‘सहल’ या शब्दाविषयी. प्रवासाचा खर्च कोणी केला, असे आपण सरळ विचारले असते, तर मी एका ओळीत उत्तर दिले असते. विमानाचे तिकीट मी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतून काढले. नोंदणीशुल्क तेवढे शाखेने भरले, आणि तेही कार्यकारिणीच्या ठरावाने. पण आपण विचारले नाही, थेट निकालच दिला. ज्या माणसाला आपण कधी पाहिलेले नाही, त्याच्या हेतूवर चारचौघांत शिंतोडे उडवणे ही टीका नव्हे.

मी एकोणिसाव्या वर्षी सातारा जिल्ह्यातून नोकरीसाठी मुंबईत आलो, तेव्हा या संस्थेच्या वसतिगृहातील एक लोखंडी खाट आणि तिच्याखाली मावणारी एक ट्रंक एवढाच माझा संसार होता. १८४४ मध्ये लंडनमध्ये ही चळवळ सुरू करणारा जॉर्ज विल्यम्सही खेड्यातून शहरात आलेला, कापडाच्या दुकानात राबणारा २२ वर्षांचा तरुण होता, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या खाटेचे ऋण म्हणून गेली २६ वर्षे मी दर रविवारी वस्तीतील मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. आपण या काळात काय केलेत, हे मी विचारत नाही. पण मला ‘धडे देणारा’ ठरवण्याआधी तुम्ही स्वतःला तरी ते विचारायला हवे होते.

आणि माणसे एकत्र जमल्याने काय होते, याचे उत्तर या चळवळीच्या पहिल्याच जागतिक परिषदेत आहे. १८५५ मध्ये पॅरिसला ती भरली, तेव्हा तिच्यासाठी धडपडणाऱ्यांत जिनिव्हाचे हेन्री ड्युनंट होते, वय अवघे २७. देशोदेशींच्या तरुणांना पत्रे लिहून जोडण्याची सवय त्यांना या कामातूनच लागली होती. पुढे इटलीतील सोल्फेरिनोच्या रणांगणावरील जखमी पाहून त्यांनी रेडक्रॉसचा ध्यास घेतला, तेव्हा ती सवय कामी आली, असे माझे ठाम मत आहे. १९३७ च्या जानेवारीत हीच परिषद आपल्या म्हैसूरला भरली. दूरदूरचे प्रतिनिधी त्यासाठी कित्येक दिवस बोटीने प्रवास करून आले. त्यांनाही तुम्ही सहलीला आलेले म्हणणार का?

आरहूसला एका दुपारी माझ्या शेजारी पोलंडची एक स्वयंसेविका बसली होती. टेबलावर उपडा ठेवलेला तिचा फोन सारखा थरथरत होता. प्रत्येक वेळी ती क्षमा मागून बाहेर जाई, कारण युक्रेनमधून आलेल्या एका आईला मुलासह रात्रीपुरता निवारा हवा होता आणि मिळत नव्हता. चौथ्या वेळी परतल्यावर तिने वहीतील एका नावापुढे खूण केली, पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला आणि मला विचारले, “तुमच्याकडे मुले रात्री कुठे झोपतात?” या प्रश्नावर आम्ही जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बोललो. हे ऑनलाइन झाले असते, असे ज्यांना वाटते त्यांना वाटो.

निष्पत्तीचे म्हणाल, तर ‘व्हिजन २०३०’ हे चळवळीचे २०३० पर्यंतचे दिशादर्शक धोरण तेथे मंजूर झाले आणि समाजाचे स्वास्थ्य, अर्थपूर्ण काम, शाश्वत पृथ्वी आणि न्याय्य जग ही त्याची चार सूत्रे मूळ लेखात दिलेली आहेत. आपण लेख पूर्ण वाचला असता, तर ती दिसली असती.

आमचा वर्ग रविवारी सकाळी नऊला भरतो. शाखेच्या हिशेबाची वही तेथेच कपाटात असते. आपण यावे, ती स्वतः उघडून पाहावी आणि मग जे लिहायचे ते खुशाल लिहावे.