राख अडवली म्हणजे पारा अडला, असे नव्हे

कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या समर्थनार्थ लिहिलेला एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत सतत फिरत असतो. त्याचा गाभा असा: ‘कोळशात पारा नावापुरताच असतो. जो असतो तो राखेबरोबर यंत्रात अडकतो, कारण ही यंत्रे ९९.९ टक्के कार्यक्षम असतात. त्यातून सुटलेला पारा गंधक काढणाऱ्या यंत्रणेत धुऊन निघतो. ज्वालामुखी याहून कितीतरी अधिक पारा हवेत सोडतात. कार्बनची भुकटी फवारून पारा काढण्याचा खटाटोप महागडा आहे, आणि त्याने पारा नष्ट न होता केवळ हवेतून राखेत जातो.’ या मजकुरातले जवळपास प्रत्येक विधान कोणत्या तरी खऱ्या गोष्टीला चिकटून उभे आहे, म्हणूनच तो पटतो, आणि म्हणूनच त्याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

‘नावापुरता’ हा शब्द टक्केवारीच्या दृष्टीने बरोबर आहे. खाणीनुसार प्रमाण बरेच कमीजास्त होत असले, तरी एक टन कोळशात साधारण ०.१ ग्रॅम पारा धरायला हरकत नाही. मात्र ५०० मेगावॉटच्या एका एककाला (युनिटला) वर्षाला २० लाख टनांच्या आसपास कोळसा लागतो, आणि तेवढ्या कोळशातला पारा २०० किलो भरतो. तो पाण्यात पोहोचला की प्राणवायू नसलेल्या गाळातले जीवाणू त्यातल्या काही भागाचे मिथाइलमर्क्युरी हे अतिविषारी संयुग बनवतात, आणि अन्नसाखळीत एकेक पायरी वर चढताना ते इतके साठत जाते की मोठ्या शिकारी माशांच्या शरीरातले त्याचे प्रमाण भोवतालच्या पाण्यातल्या प्रमाणाच्या लाखो पट होऊ शकते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली अधिकृतपणे नोंदवला गेलेला पाऱ्याच्या विषबाधेचा आजार मात्र कोळशामुळे नव्हे, तर रसायनांच्या कारखान्यातील सांडपाण्यामुळे झाला होता. या वादात त्याचा उल्लेख फार सैलपणे केला जातो, म्हणून हे स्पष्ट केलेले बरे. त्या गावाचे नाव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली स्वीकारला गेला आणि २०१७ साली अंमलात आला. हवेत जाणाऱ्या पाऱ्याच्या ज्या स्रोतांवर नियंत्रण आणायचे त्यांच्या यादीत त्याने कोळसा वीजकेंद्रांचा स्पष्टपणे समावेश केला आहे.

खरी मेख ‘राखेबरोबर अडकतो’ या विधानात आहे. विद्युतभाराच्या साहाय्याने राख खेचून घेणारे ईएसपी यंत्र ९९ टक्क्यांहून अधिक राख पकडते, हे खरे आहे; पण ती टक्केवारी राखेच्या वजनाची आहे, पाऱ्याची नव्हे. भट्टीतले तापमान १,४०० अंश सेल्सिअसच्या वर असते आणि पारा ३५७ अंशांनाच उकळतो, त्यामुळे भट्टीत कोळशातला जवळपास सगळा पारा वाफ होऊन धुरात मिसळतो. धूर ईएसपीपर्यंत येताना १४० अंशांच्या आसपास उतरतो, मग पारा तेथे पुन्हा द्रव का होत नाही, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. उत्तर प्रमाणात आहे. धुरात प्रति घनमीटर जेमतेम दहा-पंधरा मायक्रोग्रॅम पारा असतो, तर २० अंशांच्या साध्या हवेतही प्रति घनमीटर सुमारे १३ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या जवळजवळ हजारपट, पाऱ्याची वाफ मावते. एवढी विरळ वाफ गोठून थेंब बनण्याचा प्रश्नच येत नाही, आणि ईएसपी तर केवळ कणांना खेचते. वाफ त्याच्या पट्ट्यांमधून सरळ निघून जाते.

निघून जाणारा पाराही एकाच रूपात नसतो. थंड होत जाणाऱ्या धुरात त्याचा काही भाग क्लोरिनशी संयोग पावून मर्क्युरिक क्लोराइड बनतो, काही भाग राखेतल्या न जळलेल्या कार्बनच्या कणांना चिकटतो आणि उरलेला मूळ धातूच्याच वाफेच्या रूपात राहतो. ईएसपीच्या हाती मुख्यतः कणांना चिकटलेला पारा लागतो. कोणत्या केंद्रात या तीन वाट्यांचे प्रमाण काय असेल, हे कोळशातल्या क्लोरिनवर, राखेतल्या न जळलेल्या कार्बनवर आणि धूर किती वेगाने थंड होतो त्यावर ठरते. म्हणूनच अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९९ साली वीजकेंद्रांकडून जी मोजमापे गोळा केली, त्यांत बिट्युमिनस, म्हणजे उच्च प्रतीचा दगडी, कोळसा जाळणाऱ्या केंद्रांच्या ईएसपींनी सरासरी ३६ टक्के पारा पकडला, तर क्लोरिन कमी असलेला, त्याहून खालच्या प्रतीचा सब-बिट्युमिनस कोळसा जाळणाऱ्या केंद्रांत हाच आकडा सुमारे ३ टक्क्यांवर आला. दोन्हीकडे राख पकडण्याची कार्यक्षमता उत्तमच होती. याउलट कापडी पिशव्यांच्या गाळण्या, म्हणजे बॅग फिल्टर, बिट्युमिनस कोळशाच्या धुरातला सुमारे ९० टक्के पारा अडवताना दिसल्या, कारण त्या पिशव्यांवर साचलेल्या राखेच्या थरातून प्रत्येक घनमीटर धुराला गाळून जावे लागते आणि पाऱ्याला कार्बनशी गाठ पडायला अवधी मिळतो. ‘९९.९ टक्के’ हा आकडा पुढे करणाऱ्याला यंत्र कोणते, कोळसा कोणता आणि मोजला काय, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गंधक काढणाऱ्या ओल्या यंत्रणेविषयीचे विधान अर्धे बरोबर आहे. चुनखडीच्या फवाऱ्यातून धूर नेणारी ही एफजीडी यंत्रणा मर्क्युरिक क्लोराइड उत्तम धुऊन काढते, कारण ते पाण्यात विरघळते. धातुरूप पाऱ्याची वाफ मात्र पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्यामुळे नायट्रोजनची ऑक्साइडे घटवण्यासाठी आधीच बसवलेला एससीआर उत्प्रेरक असेल, तर तो जाता जाता धातुरूप पाऱ्याचे ऑक्सिडीकरणही करतो, म्हणजे त्याला विरघळणाऱ्या संयुगाचे रूप देतो, आणि एफजीडीचे काम सोपे होते. कोळशावर थोडे कॅल्शियम ब्रोमाइड शिंपडल्यानेही हाच परिणाम साधतो, कारण धुरात ब्रोमिन क्लोरिनपेक्षा अधिक तत्परतेने पाऱ्याशी संयोग पावते. एक गोष्ट हा मजकूर फिरवणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते: एफजीडीच्या द्रावणात उतरलेला पारा तेथेच राहील याची खात्री नसते. द्रावणातली सल्फाइटे त्याला पुन्हा धातुरूपात आणू शकतात आणि मग तो चिमणीवाटे बाहेर पडतो. ते टाळण्यासाठी द्रावणाच्या रसायनावर सतत लक्ष ठेवावे लागते आणि प्रसंगी पाऱ्याला बांधून ठेवणारी गंधकयुक्त द्रव्ये घालावी लागतात. म्हणजे पारा एफजीडीत ‘आपोआप’ निघत नाही. तो काढायचा ठरवले, तर निघतो.

ज्वालामुखींसाठी फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८ च्या जागतिक पारा आढाव्यानुसार ज्वालामुखी आणि खडकांतून दरवर्षी सुमारे ५०० टन पारा हवेत येतो, तर मानवी उद्योगांनी २०१५ साली थेट हवेत सोडलेला पारा सुमारे २,२०० टन होता. त्यात सर्वांत मोठा वाटा लहान प्रमाणावरच्या सोन्याच्या खाणकामाचा आहे, कोळशाचा नव्हे, हेही मान्य करायला हवे. पण कोळशाचे ज्वलन एकूण सुमारे २१ टक्क्यांसह दुसऱ्या क्रमांकावर येते. ‘पारा जड असल्याने चिमणीजवळच पडतो’ अशी जोड कधीकधी या मुद्द्याला दिली जाते. ऑक्सिडीकृत पाऱ्याच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी आहे, परंतु धातुरूप वाफ हवेत अनेक महिने टिकते आणि तेवढ्या काळात खंड ओलांडून जाते.

कार्बनच्या भुकटीवरचा आक्षेप या मजकुरातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे. या पद्धतीत ईएसपी किंवा बॅग फिल्टरच्या अलीकडे धुराच्या वाहिनीत सक्रिय कार्बनची, बहुधा ब्रोमिन लावलेली, बारीक भुकटी फवारतात. पारा तिला चिकटतो आणि भुकटी राखेबरोबर गोळा होते. पारा अतिविरळ आणि संपर्काचा वेळ काही सेकंदांचा, म्हणून पाऱ्याच्या वजनाच्या हजारो पट कार्बन लागतो. धुरात सल्फर ट्रायऑक्साइड जास्त असेल तर ते कार्बनवरच्या जागा आधी बळकावते आणि परिणाम घटतो. पारा नष्ट होत नाही, हेही खरेच. मूलद्रव्य आहे, ते नष्ट होणार कसे? प्रश्न त्याला कोठे ठेवायचे एवढाच आहे, आणि कार्बनला घट्ट बांधलेला पारा राखेतून पाण्यात फारच कमी झिरपतो. खरी अडचण राखेच्या वापरात येते: काँक्रीटमध्ये हवेचे सूक्ष्म बुडबुडे राखण्यासाठी जे रसायन घालतात ते हा कार्बन शोषून घेतो, त्यामुळे अशी राख काँक्रीटला चालत नाही, आणि ती सिमेंटच्या भट्टीत कच्चा माल म्हणून गेली, तर पारा पुन्हा वाफ होऊन बाहेर पडतो. यावर उपाय आहे. राख ईएसपीत आधी गोळा करून घ्यायची आणि कार्बन त्यानंतर फवारून वेगळ्या छोट्या बॅग फिल्टरमध्ये पकडायचा. मिशिगनमधील प्रेस्क आइल वीजकेंद्रात हे करून पाहिले गेले, तेव्हा ९० टक्के पारा निघाला आणि राख विक्रीयोग्य राहिली.

खर्चाचे म्हणाल, तर साठवणुकीची टाकी, हवा ढकलणारे पंखे आणि फवारणीच्या नळ्या एवढाच मूळ सरंजाम एफजीडीच्या तुलनेत किरकोळ आहे. चालू खर्च मुख्यतः भुकटीचा. अमेरिकेने डिसेंबर २०११ मध्ये वीजकेंद्रांच्या पाऱ्यावर मर्यादा घालणारा नियम अंतिम केला तेव्हा त्याविरुद्ध खर्चाचाच मुद्दा लढवला गेला, आणि २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने खर्चाचा विचार आधीच व्हायला हवा होता असे म्हटलेही. पण तोवर बहुतेक केंद्रांनी यंत्रणा बसवून घेतली होती. २०२१ पर्यंत तेथील वीजकेंद्रांचे पाऱ्याचे उत्सर्जन नियमापूर्वीच्या पातळीच्या तुलनेत सुमारे ९० टक्क्यांनी घटले.

मजकुराच्या शेवटी अनेकदा ‘केंद्रे मर्यादा पाळतात, मग तक्रार कशाची?’ असे विचारलेले असते. चीनच्या २०११ च्या मानकात आणि भारताच्या ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत (२००३ अखेरपर्यंतची, ५०० मेगावॉटहून लहान एकके वगळून) ही मर्यादा प्रति घनमीटर ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम आहे. आता वरचाच हिशेब पुढे नेऊ. एक किलो कोळशात १०० मायक्रोग्रॅम पारा आणि तो जाळल्यावर साधारण आठ घनमीटर धूर धरला, तर प्रति घनमीटर बारा-तेरा मायक्रोग्रॅम येतात. युरोपीय संघाने २०१७ साली दगडी कोळशाच्या मोठ्या जुन्या केंद्रांसाठी ठरवलेली वरची पातळी ४ मायक्रोग्रॅम आहे, आणि अमेरिकेच्या २०११ च्या नियमातली लिग्नाइट (हलक्या प्रतीचा तपकिरी कोळसा) सोडून इतर कोळशांसाठीची मर्यादा याच एककात आणली तर साधारण दीड मायक्रोग्रॅम भरते. ३० च्या मर्यादेखाली राहण्यासाठी मात्र अशा कोळशाच्या केंद्राला पाऱ्याचा एक कणही काढावा लागत नाही.