बापूंचा रिपोर्ट आणि ओटल्यावरचे डॉक्टर

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ओटल्यावर रात्रीचं जेवण उरकून येणारे बहुतेक जण गोळ्या खाणारे. काल विषय निघाला बापूंचा. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी) पडल्यापासून ते अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात. मुलाच्या आग्रहानं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी 'फिट' तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली.

"गोळ्यांमुळेच आलं रक्त," बापू म्हणाले. "आठवडाभर बंद करतो, मग परत नमुना देतो."

नानांनी लगेच री ओढली. "माझं दाढी करताना कापलं तरी तास-तास थांबत नाही!"

जन्मभर एमआरची, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीची, नोकरी केलेले दादा उसळले. "काय भिया! स्टेंटमध्ये गुठळी झाली तर रिपोर्ट निगेटिव्ह आणि तू आयसीयूत. या तपासणीसाठी गोळ्या थांबवायच्याच नसतात."

"पण पूर्वी अ‍ॅस्पिरिन बंद करायला सांगायचे की," नाना.

"ती जुनी ग्वायक तपासणी. ती हीम, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचा लोहाचा भाग, शोधते. तिला मटण, व्हिटॅमिन सी, सगळंच बाधतं. पोटातून आलेलं रक्तही कधी कधी सापडतं. फिट माणसाचं ग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिनमधलं प्रथिन, पकडते. अ‍ॅस्पिरिननं जठरातून रक्त आलं, तर त्यातलं ग्लोबिन वाटेतच पचून जातं. म्हणजे फिट पॉझिटिव्ह आली तर रक्त बहुतेक खालचंच."

मला हा मुद्दा बिनतोड वाटला. नानांना नाही. खाली मूळव्याध असेल तर गोळीनं तीच वाहील, हे त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. दादांनी ते मान्य केलं: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर काही खोटे पॉझिटिव्ह येतात, विशेषतः अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅनसारख्या नव्या औषधांवर, असं काही अभ्यासांत दिसलंय. "पण मूळव्याधच आहे हे आत न बघता ठरवणार कोण? तू? गाठ रोज वाहत नाही. दुसरा नमुना निगेटिव्ह आला म्हणून पहिला रद्द होत नाही. कोलोनोस्कोपीच, आतड्यात कॅमेऱ्याची नळी घालून बघायचं."

"मग तेव्हा तरी गोळ्या बंद?"

"ते हृदयाचे आणि पोटाचे डॉक्टर मिळून ठरवतील. पॉलिप, म्हणजे आतड्यातला कोंब, काढायचा असेल तर वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी साधारण 5 दिवस आधी थांबवतात, अ‍ॅस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. क्लोपिडोग्रेलचं स्टेंट किती जुना त्यावर."

सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाही. त्यामुळे खर्च खिशातूनच, यावर मात्र ओटल्याचं एकमत झालं.

बापू बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी सकाळी पोहे चालतील?"

"नुसतं पातळ," दादा म्हणाले. "आणि शेव तर विसरच."