फोटो कसा, क्लिअर पाहिजे!

संस्थेची वेबसाइट काढताय? अभिनंदन! मजकुराचं नंतर बघू, तो कोण वाचतंय? आधी फोटो. आणि फोटो कुठल्या फॉरमॅटमध्ये चढवायचा यावर लोक उगाच डोकं शिणवतात, म्हणून हे चार शब्द. मी पोटापाण्यासाठी वेबसाइटच बनवतो, तेव्हा सल्ला फुकटचा असला तरी अनुभवाचा आहे. ताजा अनुभव तर गेल्या मंगळवारचाच, पण त्याच्याकडे येतो.

फोटो म्हटलं की पीएनजी. डोळे मिटून पीएनजी. जेपीईजी १९९२पासून फोटोंसाठीच आहे, डोळ्याला जाणवणार नाही एवढा तपशील गाळून तो फाइल हलकी करतो, हे सगळं मान्य. पण गाळायचं म्हणजे काय? सत्काराच्या फोटोत फेट्याचा एक पिक्सेलही गळता कामा नये. पीएनजी काही म्हणजे काही गाळत नाही. मोबाइलवर काढलेला चार हजार बाय तीन हजारांचा फोटो जेपीईजीत चार एमबीचा असेल, तर पीएनजी केल्यावर सहज सोळा एमबीचा होतो. वजन वाढलं म्हणजे तब्येत सुधारली. (कॅमेऱ्यानेच तो जेपीईजी काढला होता, गाळायचं ते तिथेच गाळलं गेलं, आता आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं विचारणारा एक जण प्रत्येक मीटिंगमध्ये असतो. त्याला पुढच्या मीटिंगला बोलावू नका.)

लोगो मात्र जेपीईजीच. लोगोत सपाट रंग आणि तीक्ष्ण कडा असतात, आणि जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून काम करतो. त्यामुळे जास्त दाबला की बोधवाक्याच्या शिरोरेघेभोवती छान धुरळा उठतो. शिवाय पारदर्शकता त्याच्या गावी नाही, त्यामुळे निळ्या पट्टीवर लोगोच्या मागे पांढरा चौकोन मिळतो. मूळ लोगो फ्लेक्सवाल्याकडे कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पडलेला असतो, पण तो मागू नका. त्याची एसव्हीजी, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांची फाइल निघते, आणि ती काही केबींत मावून कितीही मोठी केली तरी फाटत नाही. आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवरचा हवा. फ्लेक्सवाल्याने शिपायाला, शिपायाने क्लार्कला आणि क्लार्कने तुम्हाला, प्रत्येकाने मधे स्क्रीनशॉट काढून पाठवलेला असेल तर उत्तमच.

आयफोनवरून एचईआयसी, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फॉरमॅटची फाइल आली, तर नाव बदलून पुढे जेपीजी (जेपीईजीचंच आखूड नाव) लिहा. उघडली नाही तर समोरच्याचा फोन जुना.

छापखान्यातून आलेला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या शाईच्या रंगांतला फोटो तसाच चढवा. रंग विचित्र दिसले तर रंगपंचमीचा कार्यक्रम म्हणून खपून जाईल.

वेबपी हा गूगलचा हलका फॉरमॅट २०१०चा. आयफोनच्या सफारी ब्राउझरनेसुद्धा २०२०मध्ये घेतला. आपली समिती अजून अभ्यास करते आहे, घाई नको.

जीआयएफ: लुकलुकणारं ‘न्यू’. संपलं.

आता सूचना. सूचना वेबसाइटवर कधीही अक्षरांत टाकू नये. ती आधी टाइप करावी, प्रिंट काढावी, सही-शिक्का घ्यावा, मग कागद टेबलावर ठेवून ट्यूबलाइटखाली मोबाइलने त्याचा फोटो काढावा. काढणाऱ्याच्या डोक्याची सावली बरोब्बर तारखेवर पडली पाहिजे. आणि तो फोटो अर्थातच पीएनजी करून चढवावा.

हे तंत्र मी मंगळवारी शिकलो. राजापूर तालुक्यात बहिणीकडे गेलो होतो. भाचीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घ्यायचाय, कागदपत्रांची यादी कॉलेजच्या वेबसाइटवर. त्या वाडीत रेंज येते ती पाण्याच्या टाकीपाशी. आम्ही दोघं टाकीच्या पायरीवर, वर पावसाची भुरभुर, छत्री आमच्यापेक्षा मोबाइलवर जास्त. पान उघडलं. साधा पीएनजी वरून खाली उतरतो, तसा तो उतरू लागला. आधी आभाळ. मग मांडवाची झालर. बऱ्याच वेळाने फेट्यांची टोकं.

“मामा, हे कोण?”

“प्रमुख पाहुणे असतील. चेहरा यायचाय अजून.”

असे पाच फोटो, त्या सरकत्या पट्टीत, प्रत्येकी सोळा एमबीचे. नंतर घरी येऊन मोजले मी, राहवेना. ऐंशी एमबी म्हणजे ६४० मेगाबिट. टाकीपाशी फार तर सेकंदाला एक मेगाबिट मिळत होतं. दहा मिनिटं चाळीस सेकंद आम्ही भर पावसात एका अनोळखी माणसाचा सत्कार पाहिला. शाल, श्रीफळ, मग तीच शाल दुसऱ्या बाजूने.

त्यानंतर सूचनेचा फोटो. आडवा. फोन फिरवला की तोही फिरायचा, शेवटी मानच वाकडी केली. यादीतलं नववं कागदपत्र डोक्याच्या सावलीत. पोरगी झूम करून करून दमली आणि म्हणाली, “नॉन-क्रिमीलेअर नाहीतर गॅप सर्टिफिकेट आहे, मामा. दोन्ही घेऊन जाऊ.” बारावीनंतर एक दिवसाचा गॅप नाही तिचा! शेवटची ओळ मात्र लख्ख दिसत होती: अधिक माहितीसाठी संकेतस्थळ पाहावे.

ऑफिसात फोन केला. “सर, फोटो क्लिअर पाहिजेत असं वरून सांगितलंय.”

आणि मग त्यांचाच ऑनलाइन अर्ज. ‘विद्यार्थ्याचा फोटो फक्त जेपीजी, २० ते ५० केबी. सही १० ते २० केबी.’ ५१ केबीचा चढवलात तर लाल अक्षरांत हाकलून देतात.

म्हणजे कळतं की तुम्हाला! जेपीजी कशाला, केबी किती, फाइल लहान का हवी, सगळं कळतं. तुमचा सर्व्हर भरायला लागला की कळतं. तिच्या रोजच्या दीड जीबीतले ऐंशी एमबी तुमच्या शालींवर गेले, तेव्हा नाही कळत. स्वतःचा फोटो ५० केबीत बसवून घ्यायला तिने बाजारातल्या केंद्रात वीस रुपये मोजले, आणि तुमचा एकेक सत्कार तिच्या फोटोच्या तीनशे पट! लाज नाही वाटत?

अहो, दहा मिनिटांचं काम आहे हे. फोटो बाराशे पिक्सेल रुंद करा, जेपीईजीत क्वालिटी ८०वर ठेवा, दोनशे-अडीचशे केबीत बसतो. वेबपी केलात तर गूगलच्याच सांगण्याप्रमाणे त्याहून २५ ते ३४ टक्के कमी. स्क्वूश नावाची साइट फुकटात करून देते, लॉगिनसुद्धा मागत नाही. लोगोची एसव्हीजी त्या फ्लेक्सवाल्याकडे मागा, त्याला तुमच्याहून जास्त कळतं. आणि सूचना टाइप केलेलीच असते ना तुमच्याकडे? मग तीच अक्षरं चिकटवा पानावर! पाच केबीसुद्धा होत नाहीत. ज्या मुलाला दिसत नाही त्याला फोन ती वाचून दाखवतो, तुमच्या ट्यूबलाइटखालच्या फोटोतलं तो काय वाचणार? सही-शिक्का मिरवायचाच असेल तर पीडीएफ खाली जोडा.

आणि ते लुकलुकणारं ‘न्यू’ काढा आधी. ज्या सूचनेपुढे ते लुकलुकतंय, ती २०१९च्या स्नेहसंमेलनाची आहे.