फोर-हायमध्येच येणारा आवाज: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

टू-हायमध्ये (फक्त मागच्या दोन चाकांना जोर) शांत चालणारी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी फोर-हायला (चारही चाकांना जोर) टाकताच खडखडू लागली, तर दोष ट्रान्स्फर केसमध्येच, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांकडे जोर वाटणाऱ्या पेटीतच, असणार हे उघड आहे, आणि तरीही मी माझ्या लेखात वाचकांना क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) आणि चाकांजवळचे जॉइंट तपासत बसायला लावतो, असा आपला आक्षेप आहे. त्यातला एक भाग मला मान्य आहे. मूळ अनुमान मात्र मान्य नाही, आणि त्यापायी चांगल्या ट्रान्स्फर केस विनाकारण उघडल्या जातात म्हणून सविस्तर लिहितो.

लिव्हर फोर-हायला गेला की इंजिनाचा जोर पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्स्फर केसकडून पुढच्या अ‍ॅक्सलकडे जोर नेणारा दांडा), त्याचे क्रॉस, पुढचे क्राउन-पिनियन (शाफ्टचा जोर अ‍ॅक्सलकडे वळवणारी दातेरी चाके) आणि चाकांजवळचे जॉइंट या सर्वांवर एकदमच येतो. ज्या गाड्यांत पुढचे हब किंवा अ‍ॅक्सल सुटे करण्याची सोय नाही, त्यांत हे भाग टू-हायमध्येही फिरतच असतात, पण जोराविना. म्हणून झिजलेला क्रॉस तेव्हा गप्प राहू शकतो आणि जोर लागल्यावरच ठोका देतो. आवाज कधी सुरू झाला एवढ्यावरून तो कोठून येतो हे ठरत नाही.

त्यासाठी ठोके मोजावेत. टायरचा घेर २.२ मीटर आणि क्राउन-पिनियनचे गुणोत्तर ४.१ असेल, तर ताशी ५ किलोमीटर वेगाने चाक दोन सेकंदांत साधारण सव्वा फेरा घेते आणि प्रोपेलर शाफ्ट पाचांहून थोडे अधिक. हा फरक कानाला सहज कळतो. ठोका चाकाच्या फेऱ्याबरोबर पडत असेल, तर शाफ्ट आणि ट्रान्स्फर केस बाजूला ठेवून चाकाकडे, म्हणजे बेअरिंग, ब्रेक आणि बाहेरचा जॉइंट यांकडे वळावे. स्टिअरिंग पूर्ण वळवून जोर दिल्यावर कटकट वाढली, तर संशय बाहेरच्या जॉइंटवरच जातो.

आता माझी चूक. ठोके मोजण्याची ही फोर-हायमधली चाचणी कोरड्या डांबरी रस्त्यावर करू नये, हे मी लिहायला हवे होते. पार्ट-टाइम गाडीत (जिची फोर-हाय गरजेपुरतीच लावायची असते) सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांतला फरक सामावणारी यंत्रणा, नसते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, तो फरक कोठेच सामावत नाही, आणि साठलेला ताण एखादे चाक घसरले की धाडकन सुटतो. त्या आवाजात काहीही मोडलेले नसते, परंतु तसेच चालवत राहिल्यास मोडू शकते. मऊ मातीवर किंवा खडीवर हा आवाज नाहीसा झाला, तर पुढे-मागे सारख्या घेराचे टायर आहेत ना, एवढे पाहणे उरते.

आपण म्हणता तसा दोष ट्रान्स्फर केसमध्ये असूही शकतो. पुढच्या शाफ्टला फिरवणारी तिच्यातली साखळी ताणली गेली असेल, तर मोठ्या चढावर सरळ जाताना, पूर्ण जोर लागला की, ती दात सोडते आणि एकामागून एक जबर ठोके बसतात. हलक्या पायाने चालवल्यास ते येत नाहीत. आपला आवाज असाच असेल, तर केस उघडावीच लागेल. तरी आधी तिचे ऑइल काढून पाहावे: ऑइलच्या बुचातल्या चुंबकावरचा बारीक करडा लगदा नेहमीचाच असतो, धातूचे तुकडे मात्र नसतात. त्याच वेळी इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला आणि चाकांना उटी लावून, पुढचा शाफ्ट हाताने पिळून पाहावा. क्रॉसच्या टोपीभोवती लाल गंजाची भुकटी दिसली किंवा क्रॉसमध्ये किंचितही प्ले (ढिलेपणा) जाणवला, तर तो क्रॉस बदलूनच पुढचा निर्णय घ्यावा.