पंचनामा केला होता का?

युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा शेंगेन व्हिसा हवा असेल तर बियर पिण्याचं वेळापत्रक द्यावं लागतं. अर्जावर अर्थातच तसं छापलेलं नसतं, तिथं 'दिवसवार प्रवासयोजना' म्हणतात. पण मी बियरवाला आणि बायको वाइनवाली. दोघांचं जमेल असा देश शोधताना आम्हाला चेकिया, म्हणजे चेक प्रजासत्ताक, सापडला. पश्चिमेला बोहेमिया, तिथं बियर. आग्नेयेला मोराव्हिया, तिथं देशातल्या जवळजवळ सगळ्या द्राक्षबागा. मधे रेल्वे. संसार टिकवायला याहून सोयीचा भूगोल नाही. तर अशा सहलीची दिवसवार योजना लिहिली की ती कशी दिसणार? दारूच्या दुकानाच्या यादीसारखीच दिसणार.

ती यादी मांडीवर घेऊन आम्ही व्हिसा केंद्रात बसलो होतो. शेजारी एक काका. प्लास्टिकची फाईल, खिशाला दोन पेनं, मुलगी चेकियातच, ब्रनो शहरात आयटीत. एवढं त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि मोबदल्यात माझा कागद वाचायला घेतला. मोठ्यानं.

"प्राग. १४९९ सालापासून चालू असलेली मद्यशाला. बरं. दुसऱ्या दिवशी पिल्झेन, बियरचा कारखाना. नंतर बुडेयोवित्से, परत कारखाना. मिकुलोव्ह, तळघर. व्हाल्तित्से, राजवाडा..." इथं त्यांचा चेहरा जरा उजळला. "राजवाड्याखालचं तळघर. शंभर निवडक वाइन." चेहरा पूर्ववत.

"मी खात्यात होतो," ते म्हणाले.

"कुठल्या?"

"राज्य उत्पादन शुल्क. तेहतीस वर्षं. एक थेंब घेतलेला नाही."

हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या. मग काकांनी आवाज न उतरवता विचारलं, "परवाना काढलाय ना तुम्ही पिण्याचा?"

"काका, तिथं लागत नाही."

"तिथं नाही हो, इथं! १९४९ चा कायदा आहे." आता या महाराष्ट्रात पिणाऱ्यांपैकी किती जणांच्या खिशात परवाना असतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. पण भर हॉलमध्ये विचारलं की गुन्हेगार आपण एकटेच.

विषय बदलावा म्हणून मी इतिहासात शिरलो. पिल्झेनची बियर एकेकाळी इतकी वाईट होती, की १८३८ साली गावकऱ्यांनी ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. मग त्यांनी नवा कारखाना बांधला, बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा माणूस आणला, आणि त्यानं १८४२ च्या ऑक्टोबरात जी सोनेरी बियर काढली तिच्या नकला आज जगभर विकल्या जातात. एवढं सांगून मी कौतुकासाठी थांबलो.

"३६ पिंपं ओतली? कोणाच्या समक्ष?"

"म्हणजे... गावकऱ्यांच्या."

"पंचनामा केला होता का? माल नष्ट करताना दोन पंच लागतात. शुल्क भरलेला माल होता की बिगरभरणा?"

मला माहीत नव्हतं. ग्रोललाही माहीत नसेल.

मग मी बारा अंशांच्या बियरचा विषय काढला. बाटलीवर १२ दिसलं म्हणून घाबरायचं नसतं, तो आकडा अल्कोहोलचा नाही, हे मला ऐटीत सांगायचं होतं. "आंबवण्याआधीच्या रसातला अर्क तो," काका म्हणाले. "बॉलिंगचं माप. अल्कोहोल साडेचार-पाचच्या आसपास भरेल." मद्याचा थेंब न चाखलेल्या माणसानं आपल्याला बियर शिकवावी, यासारखी जळजळ नाही.

तिथल्या पबमध्ये वेटर कागदाच्या चिठ्ठीवर दर ग्लासामागे एक रेघ ओढतो, हे मात्र त्यांना फार आवडलं. "रजिस्टर ठेवतात म्हणजे." पण ग्लास रिकामा होत आला की न मागताच पुढचा येतो आणि नको असेल तर ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती ग्लासावर ठेवायची, हे ऐकून ते अस्वस्थ झाले. 'म्लीको' नावाचा एक ग्लास जवळपास नुसत्या फेसाचाच भरतात, हे कळल्यावर त्यांनी वजनमापं खात्याची आठवण काढली. आणि बुर्चाक! अर्धवट आंबलेला द्राक्षरस. १ ऑगस्ट ते ३० नोव्हेंबर एवढ्यातच विकायचा, आणि बाटलीत आंबणं चालूच असल्यानं झाकण घट्ट लावायचं नाही. बायकोनं सगळी सहल सप्टेंबरात ढकलली ती त्याच्याचसाठी.

"आंबत असलेला माल सील न करता विकतात?" काकांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात आमचा नंबर आला. खिडकीतल्या मुलीनं विमा पाहिला. किमान ३०,००० युरोंचा लागतो, तेवढा होता. त्याच्या बारीक अक्षरांत मद्यप्राशनानंतरच्या इजा वगळलेल्या होत्या. मी बियर प्यायला चाललोय आणि मला विमा आहे तो न पिता पडलो तर. पण पैसे भरलेत. बँकेची विवरणपत्रं, रजेचं पत्र, परतीचं तिकीट, आम्ही नक्की परत येऊ याचे पुरावे. पबमध्ये एका बाकावर संध्याकाळ घालवायची, एवढीच इच्छा असलेल्या माणसाला अमुक तारखेला अमुक गावी असेन हे लिहून द्यायला लावतात, आणि व्हिसा नाकारला तरी फी परत नाही. याला पर्यटन म्हणतात.

मिकुलोव्हच्या खोलीचा कागद आला. घरगुती तळघर, वर राहायच्या खोल्या. मालकीणबाईंनी दोन ओळींची ईमेल पाठवली होती: या, पैसे आल्यावर द्या. मुलगी ती वाचत होती, बहुधा चालवूनही घेणार होती. पण मागून आवाज आला.

"याच्यावर शिक्का नाही."

मुलीनं मान वर केली. कागद उलटा करून पाहिला. "हो सर, शिक्का नाहीये. लेटरहेडवर आणा. नवी अपॉइंटमेंट घ्यावी लागेल."

नव्या अपॉइंटमेंटचे सेवाशुल्क वेगळे. ऑफिसची रजा वेगळी. काकांची फाईल मात्र लोण्यातून सुरी जावी तशी गेली. ब्रनोतल्या आपल्या मुलीच्या निमंत्रणपत्रावर त्यांनी तीन-तीन शिक्के आणवले होते.

बाहेर लिफ्टपाशी ते पुन्हा भेटले. राग मनात ठेवला नव्हता त्यांनी. म्हणजे, माझ्यावरचा. "आम्हीही सप्टेंबरात ब्रनोलाच आहोत. मिकुलोव्ह काय, जवळच. तेहतीस वर्षं इथले कारखाने तपासले, परदेशातलं तळघर एकदा बघायची इच्छा आहे."

मी जिन्यानं जायचं ठरवत होतो. पण बायकोनं आधीच फोन बाहेर काढला होता. "या ना काका, सोबत होईल," ती म्हणाली आणि त्यांना मालकीणबाईंचा पत्ता लिहून दिला.

"छान," काका म्हणाले, "शिक्क्याचं मी समक्षच बोलतो त्यांच्याशी."