खबऱ्या

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात एका गावात मी सात वर्षं शिक्षिका होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपतीने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. बातमी पाहताना मला त्या गावातली एक बाई आठवली. तिच्या नवऱ्याला रात्री घरातून उठवून नेलं होतं. सकाळी तो रस्त्याच्या कडेला मिळाला. अंगावर चिठ्ठी, पोलिसांचा खबऱ्या.

इथल्या माडिया आदिवासींमध्ये कुणी गेलं की नात्यातली गावंच्या गावं येतात. ढोल वाजतात, रात्रभर माणसं सोबत बसतात, पुढे मेलेल्याच्या नावाने दगड उभा करतात. दुःख एकट्याच्या घरात कोंडून राहत नाही. त्या दिवशी मात्र मोजकी माणसं आली, घाईने माती दिली आणि पांगली. तिच्याशी बोलताना दिसलं तर उद्या आपलंही नाव लागायचं. दोन वर्षं ती हातपंपावर सगळ्यांच्या नंतर यायची. दवाखान्याची गाडी आली की डोकेदुखीची गोळी मागायची. झोप येत नाही हे तिने मला फार उशिरा सांगितलं.

‘आदिवासी एकत्र राहतात, त्यांना कसलं डिप्रेशन?’ हे वाक्य शहरात ऐकलं की मला राहवत नाही. माणसांची सोबत हे औषध आहे, मी ते डोळ्यांनी पाहिलंय. पण १९८० पासूनच्या या नक्षली हिंसेने नेमकी ती सोबतच नासवली. १९९० मध्ये उभं राहिलेलं पोलिसांचं सी-६० पथक इथल्याच पोरांचं, दलममध्ये, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत गेलेली कितीतरी पोरंही इथलीच. एकाच गोतातला एक इकडे, एक तिकडे. बंदुकीची भीती निदान समोरून येते. ज्याच्यासोबत मोहफुलं वेचली त्यानेच आपलं नाव सांगितलं असेल का, हा संशय घरात मुक्कामाला येतो. आमच्या गावच्या गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागेत, माणसं पाऊस, धान आणि तेंदूपत्त्याचा भाव बोलत. त्यापुढे गप्प.

धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा म्हणूनच मला मोलाचं वाटतं. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायची रीत त्या गावाने सोडली नाही. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला तोही या रीतीच्या बळावर. लोक याला वनहक्काची गोष्ट म्हणतात. मी मानसिक आरोग्याचीही म्हणते.

आता आत्मसमर्पितांना पैसे मिळतील, घरं मिळतील. मिळावीत. पण शरण आलेला माणूस आणि ती बाई एकाच आठवडी बाजारात समोरासमोर येणार, तेव्हा काय? समुपदेशक जरूर पाठवा, माडिया बोलणारा पाठवा. मात्र गावाने गोटुलात बसून, नाव घेऊन सांगितलं पाहिजे की या घराला लावलेला डाग आम्ही पुसतो. तिचा नवरा खरंच खबरी देत होता की नाही, हा वादही नको. तिच्या लेकरांनी काय केलं होतं?

गेल्या मे महिन्यात मी जाऊन आले. तिने मला शेताच्या बांधावर नेलं. तिथे गुडघ्याएवढा दगड उभा होता. तिने आणि तिच्या भावाने दोघांनीच ओढत आणून रोवला होता.